डाव्या सीटवरचा ब्रेक

मॅडमचा उजवा पाय कधी स्वस्थ बसला नाही. ऑटोत मागे बसलेल्या असोत, कुणाच्या लग्नात खुर्चीवर असोत की बँकेत टोकन घेऊन ताटकळत असोत, समोरून काही आडवं आलं की त्यांचा पाय आपोआप जमिनीत रुतायचा. एकदा आम्ही दोघं एसटीने आर्णीला चाललो होतो. रस्त्यात बैलगाडी आडवी आली, तर ड्रायव्हरच्या आधी मॅडमनी ब्रेक मारला. चप्पल पुढच्या सीटखाली गेली. शेजारची म्हातारी घाबरून म्हणाली, "काहून वो बाई, पायात गोळा आला का?"

"नाही माय," मॅडम म्हणाल्या, "नोकरी हाय माझी."

मला हसू आवरेना, कारण माझाही पाय दाबलेलाच होता. यवतमाळात एका मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये आम्ही दोघं शिकवायला होतो. एक गाडी माझी, एक त्यांची. मालकाने बायकांना शिकवायला बाई हवी म्हणून त्यांना ठेवलं होतं, पण पुढे पुढे पुरुषही "मॅडमच्याच गाडीत बसतो" म्हणू लागले. याचं कारण मीच होतो. मी ओरडतो. विद्यार्थ्याने क्लच झटकन सोडला आणि गाडी बेडकासारखी उडाली, की माझ्या तोंडून जे निघतं ते इथे लिहिता येणार नाही. मॅडम कधी ओरडल्या नाहीत. त्या फक्त म्हणायच्या, "थांबवता येते ना? मंग झालं."

हेच त्यांचं बोलणं. दिवसातून किती वेळा ते ऐकू यायचं याला हिशेब नाही. कुणाची गाडी चढावर मागे सरकली, "थांबवता येते ना?" कुणी आरटीओच्या परीक्षेत आठ काढताना खांबाला घासली, रडत बाहेर आली, "थांबवली ना पण? मंग झालं."

आणि शिकवायची पद्धत तशीच उलटी. जगात सगळीकडे गाडी आधी सुरू करायला शिकवतात. या बाई आधी थांबवायला शिकवायच्या. आम्ही शिकवतो त्या ग्राउंडच्या कडेला एक हलकासा उतार आहे. तिथे गाडी नेऊन उभी करायच्या, इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, आणि नव्या पोरीला म्हणायच्या, "हातब्रेक सोडजा. घसरू दे. आता थांबव." पुन्हा ढकलत वर न्यायची, पुन्हा घसरू द्यायची. पहिले काही दिवस चावी मॅडमच्या पर्समध्येच. मी चिडवायचो, "मॅडम, डिझेल वाचवून राह्यल्या का मालकाचं?" तर म्हणायच्या, "तुमचे पोट्टे चार दिवसात पळवतात, सर. माझ्या पोरी मात्र भेत नाहीत." ते खरं होतं. माझ्या हाताखालून गेलेले काही जण अजून गाडी दारात झाकून ठेवतात.

तुमच्यापैकी कुणी अशा शाळेत गाडी शिकलं असेल तर पुढचं लगेच ध्यानात येईल. न शिकलेल्यांसाठी सांगतो. शिकणारा बसतो उजवीकडे. स्टेअरिंग, क्लच, ब्रेक आणि रेस, म्हणजे ज्याने गाडी पळते ते पायडल, सगळं त्याच्या ताब्यात. शिकवणारा डावीकडे. त्याच्या पायाशी जास्तीचा एक क्लच आणि एक ब्रेक बसवलेला असतो. रेस नसते. त्याने फक्त थांबवायचं. मी इतकी वर्षं तिथे बसलो, पण याचा विचार माझ्या मनात कधी आला नाही. मॅडमच्या आला होता.

त्यांचे मिस्टर शिवणकाम करायचे. घराच्याच पुढच्या खोलीत दुकान, एक मशीन, भिंतीवर खिळ्याला टेप. बारीक चणीचा, हळू बोलणारा माणूस. वाहनाची त्यांना इतकी धास्ती की मॅडमच्या स्कुटीवर मागे बसले तरी दोन्ही हातांनी सीटची कड धरून बसायचे आणि चौक आला की डोळे मिटायचे. आमच्या शाळेतल्या पोरी त्यांना लांबून बघून हसायच्या. मॅडमच्या कमरेला दिवसभर त्या सीटवर बसून कळ लागते म्हणून या माणसाने जुन्या पॅन्टींच्या कापडाची एक चौकोनी गादी शिवून दिली होती, आत पिंजलेला कापूस भरून. मॅडम ती गादी काखेत मारून कामावर यायच्या आणि काखेत मारून घरी जायच्या. दोघांना मूलबाळ नव्हतं. संध्याकाळी मी कधी गेलो तर ते मशीनवर असायचे, त्या दारात खुर्ची टाकून बसलेल्या असायच्या, आणि रस्त्याने कुणी भरधाव गेलं की त्यांचा पाय दाबला जायचा. मिस्टर मशीनवरून मान न उचलता म्हणायचे, "थांबली का गाडी?" मॅडम म्हणायच्या, "थांबली."

मग एके दिवशी तो पाय दाबलाच गेला नाही.

घाटंजी रोडला एक नवी पोरगी गाडी चालवत होती. वळणावर कापसाची भरलेली ट्रॉली उभी. पोरगी गडबडली, तिने ब्रेकऐवजी रेसवर पाय दिला, जे शिकणाऱ्यांचं नेहमीचंच आहे आणि त्यासाठीच आम्ही डावीकडे बसतो. मॅडम पाय उचलायला गेल्या, पण तो उचललाच गेला नाही. त्यांनी हातब्रेक ओढला. गाडी ट्रॉलीच्या अलीकडे वाकडी होऊन थांबली. कुणाला काही झालं नाही. पोरगी तर हसतसुद्धा होती, तिला काय कळलं होतं! मॅडमनी तिच्याकडूनच गाडी हळूहळू शाळेत आणवली, गादी काखेत मारली आणि मालकाला सांगितलं, "गुडघा दुखते माझा. उद्यापासून येत नाही."

मालकाला वाटलं पगार वाढवायचा डाव आहे. मलाही तसंच वाटलं, आणि मी मनात म्हटलंही की चला, बाईला उशिरा का होईना अक्कल आली.

खरं काय ते त्यांनी मला नागपूरच्या डॉक्टरकडून आल्यावर सांगितलं. ग्राउंडजवळच्या चहाच्या टपरीवर मुद्दाम बोलावून घेतलं होतं. आजाराचं नाव लांबलचक इंग्रजी होतं, त्यांना ते म्हणता येत नव्हतं आणि म्हणायची इच्छाही नव्हती. नसांचा आजार. औषध नाही.

"आधी पाय जाईन म्हणते डॉक्टर," त्या बशीत चहा ओतता ओतता म्हणाल्या. "मंग हात. मंग बोलणं. मंग गिळणं. डोकं शाबूत राहीन म्हणते. हे बरं हाय का वाईट, मले समजून नाही राह्यलं."

मी ओरडणारा माणूस. ओरडायला समोर कुणी नसलं की मला बोलता येत नाही. मी टपरीवाल्यावर ओरडलो, की चहात साखर किती टाकतो.

मॅडम म्हणाल्या, "एक काम होतं तुमच्याकडे." आणि त्यांनी पेट्रोल पंपावर लागलेल्या एका पोस्टरची गोष्ट काढली. ते पोस्टर मीही पाहिलं होतं. गावातल्या हौशी पोरांच्या एका ग्रुपने कार स्प्रिंट ठेवली होती. आपल्याकडे असं पहिल्यांदाच होत होतं. एका वेळी एकच गाडी सोडायची, टायर आणि प्लास्टिकचे कोन मांडून आखलेल्या रस्त्यावरून ती जितकी पळवता येईल तितकी पळवायची, आणि घड्याळ लावून वेळ घ्यायची. घरगुती गाड्यांचा वेगळा गट होता. जागा म्हणजे आर्णी रोडवरचं एक लेआउट. आमच्याकडे अशी लेआउटं पुष्कळ. डांबरी रस्ते आखलेले, प्लॉटचे दगड रोवलेले, आणि घर एकही नाही.

"मले त्यात पळवायची हाय," मॅडम म्हणाल्या.

"डोकं ठिकाणावर हाय का तुमचं?" मी आता मात्र ओरडलो. सापडलं होतं ना ओरडायला. "पाय उचलत नाही म्हणता आन रेस करता? कोणाचा जीव घ्याचा हाय?"

"तिथं कोणी नसते समोर. एकटीच गाडी असते," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता ग्राउंडकडे बघत बोलल्या. "सर, शिकली तवापासून मी डाव्या सीटवर बसली. गाडी दाखवाले उजवीकडे बसली असीन, तेही सेकंड गिअरच्या वर नाही. घरी स्कुटी. बाकी सारं आयुष्य दुसऱ्यायच्या गाड्या थांबवण्यात गेलं. माझ्या बाजूनं रेसच नाही. पाय हाय तोवर एकदा तो पुरा दाबून पाहू द्या मले. एकदाच."

एवढंच त्यांना हवं होतं. मंदिर नाही, तीर्थ नाही, दवाखाना नाही. एकदा पाय पुरा दाबायचा होता.

मी अट घातली. गाडी शाळेचीच न्यायची आणि डावीकडे मी बसणार. त्यांच्याकडे रेस, माझ्याकडे ब्रेक. त्यांचा पाय ऐनवेळी अडकला तर मी गाडी थांबवीन. त्यांनी लगेच हो म्हटलं, म्हणजे माझ्या तोंडून हेच यावं म्हणून त्या थांबल्या होत्या हे माझ्या नंतर लक्षात आलं. मालकाला मी सांगितलं की शाळेची जाहिरात होईल. त्याने शंभरदा बजावलं की रंगाला ओरखडा आला तर बघा. आयोजक पोरांना मॅडमच्या पायाचं मी सांगून टाकलं. त्यांनी आपसात बोलून घेतलं, दोन वेळा गाडी येऊन पाहिली, माझा ब्रेक दाबून पाहिला आणि म्हणाले, "काका, तुम्ही बसत असाल तर चालते. पण हेल्मेट दोघांनाही."

मग सकाळच्या वेळी त्याच लेआउटवर आमचा सराव सुरू झाला. मिस्टर एका प्लॉटच्या दगडावर डबा आणि पाण्याची बाटली घेऊन बसायचे. आणि आमच्या दोघांचं काय व्हायचं ते काय सांगू! मॅडम थोडा वेग घेत, कोन जवळ आला की ब्रेक दाबत. मी म्हणायचो, "दाबा, दाबा!" त्या विचारायच्या, "काय दाबू?" "रेस!" तोवर गाडी थांबलेली. वळताना समोर माणूस नाही, गाडी नाही, कुत्रं नाही, तरी या बाई इंडिकेटर द्यायच्या.

"कोणाले दाखवून राह्यल्या?" मी ओरडायचो.

"सवय हाय बापा," त्या म्हणायच्या आणि स्वतःच हसायच्या. असं हसताना मी त्यांना शाळेत कधी पाहिलं नव्हतं. तिथे त्या जबाबदार असायच्या. इथे गाडी त्यांची होती आणि काळजी माझ्याकडे आली होती. मला वाईट एवढंच वाटायचं की हे सगळं त्यांच्या वाट्याला किती उशिरा आलं. मिस्टर दगडावरून विचारायचे, "थांबली का?" आणि मॅडम खिडकीतून ओरडायच्या, "थांबूनच राह्यली, हो! तेच तं दुखणं हाय!"

स्पर्धेच्या दिवशी लेआउटवर जत्रा भरली. पोरांच्या गाड्यांना चकाकते स्टिकर, फाटक्या आवाजाचे सायलेन्सर. आमच्या गाडीच्या टपावर शाळेच्या नावाची पाटी, पुढे मागे तांबडा एल. माइकवरच्या पोराला आयतंच सापडलं. "आता येत आहेत, सावधान, शिकाऊ वाहन!" लोक हसले. मॅडमच्या हाताखालून शिकलेल्या काही जणी पोराबाळांना घेऊन आल्या होत्या. त्या हसल्या नाहीत. त्यातली एक त्या माइकवाल्याला भांडायलाच निघाली होती, तिला बाकीच्यांनी धरून बसवलं.

अंबाड्यावर हेल्मेट बसेना. मॅडमनी केस सोडले आणि हेल्मेट घातलं. कॅनव्हासचे बूट आणले होते, पण उजव्या बुटाची नाडी त्यांना बांधता येईना. वाकलं की तोल जात होता. तेव्हा मिस्टर खाली बसले. आधी त्यांनी तळहाताने बुटाचा तळ पुसला, मग नाडी बांधली, सोडली, पुन्हा जरा सैल बांधली. एवढ्या लोकांत तो माणूस बायकोच्या पायाशी बसला होता आणि त्याचं कुणाकडे लक्ष नव्हतं. उठताना ते मला म्हणाले, "ब्रेक चांगला हाय ना, सर?"

"चांगला हाय," मी म्हणालो.

प्रत्येकाला दोन फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत झेंडा पडला, मॅडमनी गाडी काढली, फर्स्ट, सेकंड, बरी चालली होती. पहिल्या वळणावर टायरांची रास दिसली, मॅडमचा पाय ब्रेकवर गेला. त्याच क्षणी माझाही गेला. मी काही ठरवून दाबला नाही, तुमची शपथ. टायर दिसले आणि पाय गेला. दोन मास्तर, दोन ब्रेक, आणि क्लच कुणीच दाबला नाही. गाडीने एक गचका दिला आणि बंद पडली. धूळ आमच्या पुढे निघून गेली. माइकवर पोरगा म्हणाला, "एल बोर्ड थांबला आहे! कृपया मागून हॉर्न वाजवू नये!" मैदानभर हशा पिकला.

मॅडम स्टेअरिंगवर हात ठेवून बसल्या होत्या. हेल्मेटच्या आत तोंड दिसत नव्हतं. मला वाटलं रडतील. मला तर त्या माइकवाल्याचं नरडं धरावंसं वाटत होतं. त्या म्हणाल्या, "सर, दोघायचाही गेला."

"हो."

"आता एकच फेरी राह्यली."

"हो."

"मंग तुम्ही पाय वर घ्या."

"म्हणजे?"

"वर घ्या. सीटवर. मांडी घाला. खाली राह्यला तं तो दाबल्याशिवाय राहणार नाही. माझा मी पाहून घेते."

"आन तुमचा पाय उचलला नाही तं?"

"मी 'आता' म्हणीन. तवा खाली सोडजा. पण मी म्हणेस्तोवर नाही."

दुसऱ्या फेरीला मी ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत, डोक्यावर हेल्मेट, कमरेला पट्टा, आणि मांडी घालून बसलो. एक गुडघा दाराला, एक गिअरला अडत होता. एखाद्या सत्यनारायणाला बसल्यासारखा मी दिसत असणार. झेंडा पडला.

मॅडमनी फर्स्ट टाकला, सेकंड टाकला, आणि पहिल्या वळणाला इंडिकेटर दिला नाही. टायरांची रास आली. मांडीखाली दाबून धरलेला माझा पाय तळमळत होता, मी दोन्ही हातांनी घोटा धरून ठेवला. टायर गेले. एक कोन आम्ही उडवला, तो काचेवर थड करून आपटला आणि मागे पडला. थर्ड. मग शेवटचा सरळ रस्ता आला आणि मी बघितलं की मॅडमचा पाय रेसवर पुरा खाली गेला आहे. बूट पत्र्याला टेकला होता. आमची ती म्हातारी गाडी, जी जन्मात चाळिशीच्या वर पळाली नव्हती, तिच्या इंजिनाने असा सूर धरला की मला तिची दया आली. चुन्याची रेघ चाकांखालून गेली. लोक ओरडत होते ते मागे राहिलं.

रेघेनंतर पुढे रस्ता मोकळा होता, आणि रस्ता संपला की तुरीचं शेत. गाडी पळतच होती. तूर मोठी मोठी होत चालली, फुलं दिसायला लागली. मी म्हटलं, "मॅडम!"

काही नाही.

"मॅडम!"

"आता," त्या म्हणाल्या.

मी मांडी मोडली आणि सारा जीव पायात आणून क्लच आणि ब्रेक दाबला. गाडी घसरली, किंचित वाकडी झाली आणि पुढची चाकं तुरीत घालून उभी राहिली. इंजिन अजून किंचाळत होतं, कारण मॅडमचा पाय अजून रेसवरच होता. मी हात घालून चावी बंद केली. एकदम शांत झालं. मॅडमनी वाकून दोन्ही हातांनी आपली पिंडरी धरली आणि पाय उचलून बाजूला ठेवला, एखादी वस्तू ठेवावी तसा.

"उचललाच नाही," त्या म्हणाल्या.

"मंग आधी काहून नाही सांगितलं? उशीर काहून केला?" मी ओरडलो.

"अजून थोडं पाहिजे होतं," त्या म्हणाल्या. मग हेल्मेट काढून, घामाने चिकटलेले केस मागे सारून विचारलं, "पण पुरा दाबला होता ना, सर? तुम्ही पाह्यलं ना?"

"पुरा दाबला होता."

मागून मिस्टर धावत येत होते. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या माणसाला धावताना पाहिलं. ते खिडकीला धरून उभे राहिले, धाप लागलेली, आणि विचारलं, "थांबली का?"

मॅडम इतक्या हसल्या की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. नंतर ते पाणी हसण्याचं राहिलं नाही. मी खाली उतरलो आणि तुरीच्या मालकाशी बोलायला गेलो.

आमचा नंबर शेवटचा आला. भाग घेतलेल्या सगळ्यांना पोरांनी पदकं दिली. ते पदक मिस्टरांच्या दुकानात टेपच्या खिळ्याला लटकलं, आणि कपडे शिवायला आलेलं कुणी विचारलं की ते म्हणायचे, "बाईचं हाय. रेसमधलं."

पुढचं सारं डॉक्टरने सांगितलं त्याच क्रमाने झालं. मला त्या क्रमाचा फार राग यायचा. आधी काठी, मग वॉकर, मग खुर्ची. हात गेले. मिस्टरांनी गाऊनला पुढून उघडणारी बटणं लावली, खुर्चीला गादीचं कापड शिवलं, घास बारीक करून भरवू लागले. मी आठवड्यातून एकदा जायचो. मॅडम दारात बसलेल्या असायच्या. रस्त्याने गाडी भरधाव गेली की पाय हलायचा नाही, पण त्या डोळे मिटायच्या, आणि मशीनवरून मिस्टर विचारायचे, "थांबली का?" उत्तर येईपर्यंत ते मशीन बंद ठेवायचे. उत्तर यायला दिवसेंदिवस वेळ लागू लागला. शब्द घोगरे झाले, मग नुसते ओळखीच्या माणसालाच कळायचे.

एका थंडीत श्वास अडखळायला लागला म्हणून आम्ही त्यांना नागपूरला नेलं. तिथल्या मोठ्या डॉक्टरने सांगितलं, गळ्याला भोक पाडून मशीन लावू, त्यावर पुष्कळ दिवस काढता येतील. मशीनवरून मग सुटका नाही हेही सांगितलं, चांगला माणूस होता. मिस्टर म्हणाले, "लावा. काय लागन ते लावा." ते मॅडमचा पाय दाबत बसले होते, तोच उजवा.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. ओठ हलवले. मी जवळ गेलो. एकेक शब्द त्यांनी कुठून ओढून आणला कुणास ठाऊक, पण म्हणाल्या, "सर... पाय... वर घ्या."

मला कळायच्या आधी मिस्टरांना कळलं. त्या फेरीआधी गाडीत काय बोलणं झालं ते मॅडमनी त्यांना कितीदा सांगितलं होतं; गाडीत मांडी घालून बसलेल्या मला हसलेही होते. त्यांचे हात मॅडमच्या पायावरच थांबले. "नाही," ते म्हणाले. "नाही, मले नाही होणार. असं नको म्हणू." मॅडम त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्या नजरेत विनवणी वगैरे नव्हती. नव्या पोरीने उतारावर हातब्रेक सोडावा म्हणून त्या जशा वाट बघायच्या, तशी वाट बघत होत्या. मिस्टर उठून व्हरांड्यात गेले. बराच वेळ कठड्याला धरून उभे होते, चौक आला की स्कुटीवर धरायचे तसे. परत आले तेव्हा तोंड धुतलेलं होतं. डॉक्टरला म्हणाले, "आम्ही घरी नेतो."

शाळेच्याच गाडीने आणलं. मॅडम डावीकडे, त्यांच्या गादीवर, सीट मागे पाडून; मिस्टर मागून त्यांचं डोकं धरून. मी इतका हळू कधी चालवत आलो नव्हतो. ट्रकवाले मागून शिव्या देत होते. दिल्या तर दिल्या.

त्यानंतर त्या फार राहिल्या नाहीत. सकाळी मिस्टर चहा करायला उठले, परत येऊन बघतात तर संपलं होतं. मी पोचलो तोवर वस्तीतल्या बायकांनी त्यांना पांढरी साडी नेसवली होती. शिकवलेल्या किती जणी आल्या! गल्लीत गाड्या मावेनात, पण एकही वाकडी लावलेली नव्हती. पंचशील झालं, लोक निघाले. मी कुणावर ओरडलो नाही त्या दिवशी. बायको घरी म्हणाली, तुम्ही रडा तरी. मला ते जमलं नाही.

काही दिवसांनी सकाळी मिस्टर ग्राउंडवर आले. चालतच आले होते. माझी शिकवणी संपत आली होती. विद्यार्थ्याला उतरू दिलं आणि मग म्हणाले, "सर, तिची गाडी कोणती?"

ती मीच वापरत होतो. त्यांनी डावं दार उघडलं. गादी अजून सीटवरच होती. नागपूरहून आलो त्या दिवशी तिथेच राहिली होती आणि मला ती काढवली नव्हती. त्यांनी ती हाताने झाडली, बसले, चप्पल काढली आणि उजवा पाय ब्रेकवर ठेवला. पायडलवरचं रबर मधोमध गुळगुळीत झालं आहे. अंगठ्याने ते चाचपत राहिले. मग आजूबाजूला खाली बघितलं, काहीतरी शोधल्यासारखं.

"एवढंच?" त्यांनी विचारलं.

"क्लच आन ब्रेक."

"दुसरं काहीच नाही या बाजूनं?"

"नाही."

"सारी वर्षं एवढंच होतं तिच्यापाशी? मले वाटे, ती गाडी चालवते." त्यांनी ब्रेक एकदा दाबून सोडला. "रोज घरी आली की मी विचारो, थांबली का. एकदाही विचारलं नाही, पळाली का म्हणून."

मग ते म्हणाले, "तिकडं घेता का जरा? लेआउटवर?"

मी उजवीकडे बसलो आणि गाडी काढली. आर्णी रोडपर्यंत ते दाराची दांडी घट्ट धरून होते, चौकात डोळेही मिटले. लेआउटवर अजून एकही घर झालेलं नव्हतं. शेवटचा सरळ रस्ता लागला, पुढे तूर होती. मी सवयीने हळूच चाललो होतो. शेजारी काही हललं म्हणून मी बघितलं, तर मिस्टरांनी दांडी सोडली होती. एक पाय वर घेतला, मग दुसरा, आणि गादीवर मांडी घालून ते ताठ बसले. डोळे उघडे होते.

"द्या, सर," ते म्हणाले.

मी रेसवर पाय पुरा दाबला.